चौदा नंबरची मागची बाजू

मिरजेहून बंगळुरूला जाणाऱ्यांची कारणं साधारण ठरलेली असतात. मुलगा किंवा मुलगी तिथे नोकरीला असते, नाहीतर कुणाचे डोळे दाखवायचे असतात. आमचीही मुलगी तिथेच असल्यामुळे आम्ही निघालो तेव्हा गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. खरं कारण वेगळं होतं. मला एका सात इंची रेकॉर्डची मागची बाजू ऐकायची होती.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या कँटोन्मेंट भागात 'मेफ्लॉवर' नावाची एक लहानशी कंपनी होती. तिकडे गुलमोहराला मेफ्लॉवर म्हणतात, म्हणून तिच्या तांबड्या लेबलावर गुलमोहराचं फूल. हॉटेलांतून आणि क्लबांतून वाजणाऱ्या जाझ आणि पॉप बँडच्या तिने एकंदर चोवीस रेकॉर्डी काढल्या आणि ती बंद पडली. त्यातल्या तेवीस माझ्याकडे आहेत. चौदा नंबर नाही. पतसंस्थांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. चोवीसात एक कमी आहे हे मला जेवतानासुद्धा आठवतं.

चौदा नंबर हवी असण्याचं दुसरं कारण आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतं. फर्नांडिस अंकल. वय एक्याऐंशी. रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्याआधी तरुणपणी ट्रम्पेट वाजवायचे. दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण माझ्याकडे रेकॉर्डी ऐकायला जमतो आणि दर रविवारी अंकल एकच हकिकत सांगतात. अठराव्या वर्षी ते बंगळुरूच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये होते. मेफ्लॉवरच्या चौदा नंबरच्या मागच्या बाजूला 'कँटोन्मेंट चा-चा-चा' आहे, त्यातला ट्रम्पेटचा सोलो त्यांचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी त्यांनी कढईतला बोंडा तसाच तोंडात घातला, ओठ भाजला, आणि सोलोचा पहिलाच सूर फुटला. स्टुडिओची वेळ संपत आली होती, त्यामुळे पुन्हा वाजवणं झालं नाही. रेकॉर्ड बाजारात येण्याआधी वडील गेले म्हणून अंकल घरी परतले. ती त्यांनी कधी ऐकलीच नाही.

आमच्यातले डॉक्टर रेगे दातांचे डॉक्टर आहेत. ते दर वेळी चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "अंकल, बोंडा नक्की किती गरम होता?" मग सगळे हसतात. पूर्वी अंकलही हसायचे. गेल्या काही महिन्यांपासून ते हसेनासे झाले होते, आणि दोन रविवार तर आलेच नाहीत. सुनेने सांगितलं, "म्हणतात, जाऊन काय करू, ते लोक मला थापाड्या समजतात."

मी कधी हसलो नाही. पण मी त्यांचं म्हणणं मानलंही नव्हतं. माझ्या धंद्यात पावती नसेल तर खर्च झालेला नसतो.

अशात सईने, म्हणजे आमच्या मुलीने, घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. तिचे ऑफिसातले साहेब निवृत्त होत होते. तिकडे सत्कार म्हटला की म्हैसूर पेटा आणि शाल आलीच. हा पेटा म्हणजे तयार बांधलेला, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा रेशमी फेटा. चिकपेट बाजारातल्या दुकानदाराने सईला कारखान्यातला फोटो पाठवला होता आणि तो तिने आम्हाला. माझ्या बायकोने, सुनीताने, पेटा पाहिला. मी कोपरा पाहिला. तिथे एक लाकडी ठोकळा आडवा पडलेला होता, त्याच्या बुडाला एक काळी तबकडी, आणि तबकडीच्या मधोमध तांबडं लेबल. मोठं करून पाहिलं. फूल होतं. फुलाखाली एक आणि चार.

मी तिकिटं काढली. "लेकीची आठवण आली वाटतं," सुनीता म्हणाली. मी हो म्हटलं. हे खोटं नव्हतं, अपुरं होतं.

कोरमंगला, शुक्रवार

सई आणि तिच्या दोन मैत्रिणी कोरमंगल्यात भाड्याने राहतात. त्या इमारतीत सगळी पोरंच पोरं, आणि प्रत्येक दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. माझी बॅग उघडल्यावर खरं कारण बाहेर आलं. आत बॅटरीवर चालणारा छोटा रेकॉर्ड प्लेअर, भिंग, मऊ ब्रश, मोजपट्टी आणि पांढरे हातमोजे होते.

"बाबा, सीरियसली? तुम्ही रेकॉर्डसाठी आलात?" सई म्हणाली. "मी इकडे दोन दिवस लीव्ह टाकून बसलेय."

"तुझ्यासाठीही आलो."

"'ही' काय, 'ही'?"

सुनीता म्हणाली, "कपड्यांचे जोड दोन आणले आणि हातमोज्यांचे तीन. मला मिरजेतच संशय आला होता."

तह म्हणून सई आम्हाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेली. तिथे बसायला खुर्ची नाही. छातीएवढ्या उंचीच्या स्टीलच्या टेबलाशी उभं राहायचं आणि खायचं. माणूस उभा असला की गप्पा मारत नाही आणि जागा लवकर रिकामी होते, हा विचार मला पटला. इडली ताटलीएवढी, आणि सांबारात गुळाची चव. सुनीताला एकदम घरच्या आमटीची आठवण आली आणि तिचा राग निम्म्यावर आला.

तिथली 'बाय-टू' कॉफी मात्र मला हिशेबात बसवता आली नाही. एक कॉफी मागवायची आणि ती दोन पेल्यांत दोघांनी घ्यायची, अशी तिथली रीत. आमच्याकडे 'कटिंग' म्हणतात त्याचा हा भाऊ. पण आलेले दोन्ही पेले निम्म्याहून बरेच वर भरलेले होते. दोन निमे मिळून एकापेक्षा जास्त कसे होतात? खात्री करायला मी एक पेला दुसऱ्यात ओतून पाहिला. कॉफी टेबलावरून शेजारच्या गृहस्थांच्या बुटापर्यंत गेली. "परवागिल्ला," ते म्हणाले, म्हणजे असू द्या. सई म्हणाली की तिला पुन्हा इथे यायचं आहे, तेव्हा कृपा करा.

तेवढ्यात कढईतून बोंडे निघाले. लिंबापेक्षा मोठे, गोल, वरून तांबूस. मी एक उचलला आणि थेट दातांखाली धरला. बाहेरून तो सभ्य वाटला. आत मात्र मैदा आणि दही यांचं जे काही झालेलं होतं, ते टाळूला चिकटलं आणि सुटेना.

"अहो, काय झालं? पाणी प्या!"

"हुरावा तहासत होतो," मी म्हणालो. पुरावा तपासत होतो, असं मला म्हणायचं होतं. सईने हे चित्रित केलं आणि आता ते आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

एवढं झाल्यावरही सिद्ध काय झालं? बंगळुरूचा बोंडा माणसाचं तोंड भाजू शकतो, एवढंच. अंकलनी तो खाल्ला होता का, हे उरलंच.

चिकपेट, शनिवारी सकाळी

चिकपेटच्या गल्ल्यांत माणूस चालत नाही, गर्दी त्याला चालवते. दोन्ही बाजूंना साड्या, जरी, अस्तरं, बटणं, आणि मधून डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. सईने मागवलेल्या पेट्याचं दुकान सापडलं. मालक गादीवर बसले होते. मी हिंदीत विचारलं, पेटे बांधतात ती जागा कुठे आहे?

त्यांचा चेहरा बदलला. "डायरेक्ट रेट विचारायला जाणार?"

"नाही हो. रेट नकोय. पेटाही नकोय."

"मग कारखान्यात काय बघणार?"

रेकॉर्ड, असं मी म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. इतकी वाईट सबब त्यांनी त्या गादीवर बसून ऐकली नसावी. बोलता बोलता त्यांच्या माणसाने माझ्या डोक्यावर एकामागून एक पेटे ठेवून पाहिले. एकही खाली उतरेना. प्रत्येक पेटा बशीसारखा टाळूवर राही. "साहेबांचं हेड जास्ती आहे," तो माणूस म्हणाला. सुनीता म्हणाली, "ते आम्हाला लग्नापासून माहीत आहे."

मग तिनेच सूत्रं हातात घेतली. एक साडी काढायला लावली, दुसरी काढायला लावली, भाव पाडला, मालकांच्या नातवंडांची चौकशी केली, आणि पाकीट बांधलं जात असताना सहज म्हणाली, "ते चामराजपेटचं घर म्हणजे किल्ल्याकडून आत, ना?" चामराजपेट हे नाव तिने सईच्या बिलावरच्या शिक्क्यात वाचलं होतं. मालकांनी कोणत्या देवळाशी वळायचं तेही सांगून टाकलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमच्या रेकॉर्डीपायी मला साडी घ्यावी लागली." तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधलं, सापडलं नाही.

चामराजपेट, शनिवारी दुपारी

दार एका मोठ्या चष्म्याच्या बाईंनी उघडलं. साठी ओलांडलेली, पदर खोचलेला, गळ्यात मोजपट्टी. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्या थेट मराठीतच म्हणाल्या, "या बा, आत या. चपला तिथंच सोडा. लग्न आहे की सत्कार?"

रुक्मिणीअक्का. घराणं मराठी, पण बंगळुरूला किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांची मराठी आमच्या मिरजेसारखीच 'की'वर संपणारी, फक्त मधून मधून कन्नड. मुलगा नागेश कॉम्प्युटरवर ऑर्डरी बघतो, अक्का पेटे बांधतात.

बसायच्या आधीच मला ते दिसलं. खिडकीशी एक जुना इलेक्ट्रिक रेकॉर्ड प्लेअर. त्याचा सुईचा दांडा काढून टाकलेला. फिरत्या चकतीवर ती रेकॉर्ड, रेकॉर्डवर उभा ठोकळा, आणि ठोकळा संथ फिरतोय. अक्का समोर बसून रेशमी पट्टी नुसती धरून ठेवत होत्या. ठोकळा ती आपल्याभोवती गुंडाळून घेत होता. घडीवर घडी, मधे जरीची पट्टी, आणि शेवटची घडी रेकॉर्डच्या कडेशी नेमकी टेकत होती. जुन्या प्लेअरना चार वेग असतात: सोळा, तेहेतीस, पंचेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर. सोळाचा उपयोग काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगू शकलं नव्हतं. तो पेटे बांधायला होता.

"अक्का, मला ती रेकॉर्ड बघायची आहे."

"कुठली रेकॉर्ड?" मी बोट दाखवलं. "ती होय? ती रेकॉर्ड नाही, अच्चु आहे आमचा." अच्चु म्हणजे साचा. "आमच्या ह्यांनी केलेला. कँटोन्मेंटात कुणा साहेबाचं सामान विकायला निघालं, तिथनं हे मशीन आणलं गाणी ऐकायला. मग एकदा ह्यांनी टेप लावून बघितली तर लहान रेकॉर्डीचा घेर आणि माणसाच्या डोक्याचा घेर एकच की! लगेच ठोकळा सरसाने चिकटवला. त्या दिवसापासून घरातलं गाणं गेलं आणि पेटा आला."

मी मनातल्या मनात करून पाहिलं. व्यास सात, गुणिले बावीस भागिले सात, परीघ बावीस इंच. शाळेत हे गणित शंभर वेळा सोडवलं असेल, पण ते डोक्यावर घालून माणसं सत्काराला जातात, हे पहिल्यांदाच कळत होतं.

हातमोजे घालून मी साचा उचलून पाहिला. (सई दुसरीकडे बघू लागली.) पुढची बाजू ठोकळ्याला कायमची चिकटलेली. सुटायची असेल तर तुटूनच सुटेल. मागची बाजू खाली, चकतीवरच्या मऊ कापडावर टेकलेली. इतकी वर्षं तिला सुई लागलेली नव्हती. लेबलावर स्वच्छ अक्षरांत 'कँटोन्मेंट चा-चा-चा'. वाजवणाऱ्यांत फक्त बँडचं नाव, माणसांची नाहीत.

मी म्हणालो, "अक्का, मी तुम्हाला हुबेहूब दुसरा साचा करून देतो. किंमत तुम्ही म्हणाल ती. हा मला द्या."

"बेड, बेड!" त्यांनी दोन्ही हात हलवले. नको म्हणजे नको. "उद्या सकाळी सत्कार आहे, अजून निम्मे पेटे राहिलेत. अच्चु तुम्हाला दिला तर बांधू कशावर? तुमच्या डोक्यावर?"

नागेश हसला, सई हसली, सुनीता तर जास्तच हसली. अक्काही हसल्या आणि हसता हसता थांबल्या. चष्मा वर करून माझ्या डोक्याकडे बघू लागल्या.

"नागेश, ह्यांना स्वल्प इकडे वळव."

स्वल्प म्हणजे जरासं. मला जरासं वळवण्यात आलं. गळ्यातली मोजपट्टी माझ्या कपाळावरून फिरली.

"तेवीस!" अक्का ओरडल्या. "अय्यो, घरी चालत आलं की!"

उलगडा असा झाला की उद्याच्या प्रमुख पाहुण्यांचं डोकंही तेवीस. साचा बावीसचा. दोन दिवस अक्का साच्याला पुठ्ठे गुंडाळून बघत होत्या आणि पेटा दर वेळी तिरका होत होता. माझ्या डोक्यात काय आहे याची चौकशी आजवर बऱ्याच लोकांनी केली, बाहेरच्या मापाची मागणी पहिल्यांदाच आली.

तिथेच सौदा ठरला. मी डोकं द्यायचं, त्यांनी मागची बाजू ऐकू द्यायची.

"सोडवायचं नाही, तोडायचं नाही," अक्का म्हणाल्या.

"फक्त ऐकायचं."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक. "बसा."

आमच्याकडे फेटा बांधणारा माणूस समोर उभा राहतो, गप्पा मारता मारता डोक्याभोवती कापड फिरवतो, शेमला सोडतो आणि पुढच्याकडे वळतो. तुम्ही मान हलवलीत तरी चालते. अक्कांना जिवंत डोक्याची सवय नव्हती. त्यांचं गिऱ्हाईक कधी श्वाससुद्धा घेत नसे. शिवाय त्यांना जागेवरून उठायची सवय नव्हती. "मशीन फिरतं तसं तुम्ही फिरा की," त्या म्हणाल्या. मग मला नागेशच्या कॉम्प्युटरच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि नागेश पायाने खुर्ची ढकलू लागला. प्लेअरचे चार वेग मला पाठ होते. पाचवा त्या दुपारी कळला: मिनिटाला दोन फेरे, मधे खाजवायला बंदी.

"बोलू नका. कपाळ हलतं."

"मी कुठे..."

"बघा, हललं."

"अक्का, रोज संध्याकाळी असं काही करता येईल का हो?" सुनीताने विचारलं.

"हलू नका आता, टाका घालते," अक्का म्हणाल्या आणि सुई कानाजवळून गेली. रेकॉर्डवर सुई टेकवताना मी आयुष्यभर जपत आलो. रेकॉर्डला कसं वाटत असेल ते त्या क्षणी समजलं.

पेटा उतरला तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, पेट्याची. अक्कांनी आधी आम्हाला चित्रान्न वाढलं. पिवळा, लिंबू पिळलेला, शेंगदाणे घातलेला भात. आमच्या फोडणीच्या भाताचा शिकलेला भाऊ. मग म्हणाल्या, "आता तुमचं गाणं."

हे बोलायला सोपं होतं. मागची बाजू ऐकायची तर साचा उलटा करायला हवा. तसा केला की रेकॉर्ड वर येते, पण ठोकळ्याचा माथा गोल असल्याने तो चकतीवर उभा राहीना, डुलून आडवा होई. शिवाय रेकॉर्ड आता वीतभर उंच गेली, तिथवर कुठल्याही प्लेअरची सुई पोचत नाही. नागेशने माझ्या छोट्या प्लेअरचा दांडा स्क्रू काढून तारेसकट बाहेर घेतला आणि डब्यांच्या उतरंडीवर चिकटपट्टीने बसवला. सर्वांत खाली नाचणीच्या पिठाचा डबा, वर कॉफीचा, वर टाक्यांच्या दोऱ्याचा. उंची मी मोजून दिली, ती बरोबर निघाली. ठोकळ्याचं मात्र काही जमेना. मी पुठ्ठ्याची चौकट केली, पडली. वाटी लावली, घसरली. विटा मागवणार होतो.

सुनीता बराच वेळ बघत होती. "अहो, घागर डोक्यावर कशी राहते?"

"कशी?"

"चुंबळीवर. सरका."

तिने उरलेल्या रेशमी पट्ट्यांची पिळून घट्ट चुंबळ केली, चकतीच्या मधोमध ठेवली आणि ठोकळा तिच्यात उलटा बसवला. बसला. अक्का म्हणाल्या, "ह्या मिरजेच्या अक्कांना इथंच ठेवून जा." मी ब्रशने रेकॉर्डवरची कापडाची लव झाडली. सईने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर फर्नांडिस अंकल आले. बनियनवर, दाढी वाढलेली. "काय माने, कशाला उठवलं?"

"अंकल, चौदा नंबर."

फोन सुनेच्या हातात होता, तिने जवळ धरला.

नागेशने वेग सोळावरून पंचेचाळीसवर नेला. इतकी वर्षं संथ फिरलेली मोटर कण्हली. सुई टेकली. आधी नुसती खरखर, मग पियानो, मग झांजा आणि खुळखुळे, सगळं पाण्यातून आल्यासारखं डोलत. अक्कांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"एवढी वर्षं माझ्या हाताखाली फिरतंय," त्या म्हणाल्या, "एक अक्षर बोललं नाही की."

फोनमधून आवाज आला, "स्लो आहे, मॅन! चा-चा-चा आहे, मयत नाही!"

खरं होतं. ठोकळ्याचं वजन मोटरला झेपत नव्हतं. मी बटण पिरगळून पाहिलं, नागेशने वायर हलवून पाहिली. अक्का पुढे सरकल्या, ठोकळ्याच्या कुशीला दोन बोटं लावली आणि त्याला हलकेच पुढे रेटत राहिल्या. तो ठोकळा फिरवण्यात त्यांचा हात बसलेला. सूर वर चढला, चढला आणि जागेवर आला. खोलीतले सगळे एकदम ताठ बसले. सईचा पाय ताल धरू लागला.

पडद्यावर अंकल डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटांनी मोजत होते. गाणं एका वळणावर आलं, पियानो थांबला, आणि अंकलचा हात झटकन वर गेला आणि ओठांवर दाबला गेला. कुणी गरम काही समोर धरल्यावर जातो तसा.

मग ट्रम्पेट आला. पहिला सूर फुटला. जाड कापड टरकवल्यासारखा. पुढचा सावरला, त्यापुढचा वर गेला, आणि चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात सोलो संपला.

मी फोनकडेच बघत होतो. हात आधी गेला होता, सूर नंतर फुटला. ज्याने ही रेकॉर्ड कधी ऐकलेली नाही, त्याला कुठे भाजणार ते माहीत होतं. तीस वर्षांच्या धंद्यात इतकी चोख पावती मी पाहिलेली नाही.

"अंकल?" सई म्हणाली.

"दुसरा टेक घ्यायला पाहिजे होता," अंकल म्हणाले. मग बनियनच्या टोकाने डोळे पुसले. "परत लाव."

"सरी, परत," अक्का म्हणाल्या. "पण त्यानंतर पेटे."

परत लावलं. त्यानंतरही एकदा लावलं, आणि या वेळी अक्कांनीच सांगितलं. सईने सगळं फोनवर मुद्रित करून घेतलं.

निघताना अक्कांनी बावीस मापाचा एक तयार पेटा पिशवीत घातला. "त्या आजोबांना द्या. त्यांच्याच गाण्यावर बांधलाय." मी पैसे काढले तर म्हणाल्या, "डोकं दिलंत की."

मिरज, पुढचा रविवार

माझ्या कपाटात मेफ्लॉवरच्या अजून तेवीसच रेकॉर्डी आहेत. चौदाव्या जागी मी एक पुठ्ठा लावून ठेवलाय: 'सुस्थितीत. मुक्काम चामराजपेट. सध्या कामावर.' हिशेबात ही नोंद चालते. जेवताना आता काही सलत नाही. टाळू मात्र अजून थोडी हुळहुळते.

रविवारी मी सगळ्यांना बोलावलं. अंकल दाढी करून, कोट घालून, डोक्यावर पेटा ठेवून आले. पेटा त्यांना नेमका बसला होता. रेग्यांनी पाहिलं, कप खाली ठेवला, पण काही विचारलं नाही. मी सईचं मुद्रण लावलं. पियानो, खुळखुळे, मधेच अक्कांचं "हळू, डबा हलतोय". मग ते वळण. अंकलचा हात ओठावर गेला. सूर फुटला.

गाणं संपलं. रेगे चष्मा पुसत राहिले.

अंकलनी पेटा काढून मांडीवर ठेवला, चहाचा घोट घेतला आणि रेग्यांकडे वळून विचारलं, "बोला डॉक्टर. बोंडा गरम होता की नव्हता?"